पिवळे कोन्फेत्ती

शार्लरुआ, बेल्जियम
८ जानेवारी १९९०

प्रिय एर्सिलिया,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. दरवर्षीप्रमाणे त्यावर "जिवंत आहे. तू?" एवढंच. मीही जिवंत आहे. पण यंदा कार्डावर भागणार नाही, कारण काम निघालंय. आमच्या ओडीलचं लग्न ठरलं.

मुलगा गेंटचा, फ्लेमिश, नाव योरिस. पूल बांधतो. स्वभावाने गरीब आहे. दोघं एरवी फ्रेंच बोलतात, पण भांडण पेटलं की तो फ्लेमिशमध्ये शिरतो आणि मग ओडील इटालियन शिव्या काढते. त्या तिला कुणी शिकवल्या ते विचारू नकोस. सिमोन असती तर लेकीच्या तोंडी हे ऐकून माझं काही खरं नव्हतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली, तरी शिवी तोंडातून गेली की मी अजून स्वयंपाकघराकडे बघतो.

परवाच्या रविवारी योरिसची आई जेवायला आली. गोडलिव्ह तिचं नाव. तीही एकटीच आहे, नवरा मागेच गेला. शाळेत हेडमास्तरीण होती आणि अजून सगळं जग तिला पाचवीचा वर्ग वाटतं. कॉफीच्या वेळी मी ऐटीत सांगून टाकलं, "लग्नातले कोन्फेत्ती माझ्याकडून. खास सुल्मोनाहून मागवतो, पंचवीस किलो."

बाईंचा कप हवेतच राहिला. म्हणाल्या, "पंचवीस किलो? आणि झाडणार कोण?"

मी म्हटलं, "झाडायचे कशाला? लोक खातील ना."

"तुमच्याकडे कोन्फेत्ती खातात?"

"खातात म्हणजे काय, लहान मुलं तर चोखून चोखून खातात. म्हाताऱ्यांना जरा चावायला त्रास होतो."

बाईंनी योरिसकडे अशा नजरेने पाहिलं की पोरगा कानापर्यंत लाल झाला. आपण मुलाला कुठल्या घरात देतोय असं तिच्या मनात आलं असणार. शेवटी ओडीलने दोघांनाही समजावलं. इथे कोन्फेत्ती म्हणजे कार्निव्हलला उधळतात ते कागदाचे तुकडे, हे मला काय माहीत नाही? दरवर्षी शर्टाच्या कॉलरमधून काढतोच की. पण लग्न म्हटलं की माझ्या तोंडी शब्द आपल्या गावचाच येतो.

दुसऱ्या दिवशी कॅफेत गाऱ्हाणं मांडलं. खाणीतले जुने सोबती तिथे रोज पत्ते कुटायला बसतात. थानासिस ग्रीक आहे. तो म्हणाला, "पानफिलोचं बरोबर आहे. कूफेता म्हणजे साखरेतले बदाम, लग्नात वाटतात. शब्द आमचा, ह्यांनी उचलला." पोलंडचा काझिमीर म्हणाला, छे, हा मुरंबा आहे, कोन्फितुरा, माझी आई चेरीचा करायची. एका स्पॅनिश दोस्ताच्या मते ती तोंडात टाकायची गोळी. कॅफेची मालकीण काउंटरवरून ओरडली, कोन्फी म्हणजे स्वतःच्या चरबीत मुरवलेलं बदक, आणि ज्याला नको असेल त्याने उधारी चुकती करून निघावं. आता तूच सांग, एका शब्दात बदाम, मुरंबा, बदक आणि कचरा कसे मावले? गोडलिव्हला उत्तर द्यायचंय, आणि तिला पुराव्याशिवाय काही पटत नाही.

तुमच्या कारखान्यात ऑर्डर पांढऱ्यांची लिहून घे. लग्न मेअखेरीस. प्रत्येक पुडीत पाच, हे तुला सांगायला नकोच.

लग्नानंतर ओडील गेंटला जाईल. ती म्हणते, तुम्हीही चला. गोडलिव्हच्या घराची मागची खोली रिकामी आहे, ट्राम दारात थांबते. इथे एकटा बसून मी करू तरी काय? कधी मनात येतं, सुल्मोनाला परत यावं. पण अडतीस वर्षांनी तिथे मला ओळखणारं कोण उरलंय?

तुझा,
पानफिलो


सुल्मोना, इटली
२४ जानेवारी १९९०

प्रिय पानफिलो,

ओळखणारं कोण उरलंय म्हणे. गेल्या ऑगस्टमध्ये तू आलास तेव्हा रोज संध्याकाळी चौकातल्या कारंज्यापाशी माझ्याबरोबर बसत होतास, ते काय मला कुणी परकी बाई समजून? माझ्या वाटचं आइस्क्रीमही खाल्लंस.

असो. ओडीलला माझे आशीर्वाद. पांढऱ्यांची ऑर्डर घेतली. त्या हेडमास्तरणीला सांग, आमच्या मालात पिठाचा कण नसतो. बदाम, साखर, आणि तांब्याची फिरती कढई. एकेक थर चढवून तो वाळू द्यायचा, मग पुढचा. घाई केली की तडकतात.

आता तुझ्या बदकाचं. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, लॅटिनमध्ये ह्या शब्दाचा अर्थ नुसता "करून ठेवलेलं". पूर्वी हे काम औषधवालेच करायचे. धने, बडीशेप साखरेत घोळवायची, आणि श्रीमंतांनी अतोनात जेवल्यावर पोटाला आराम म्हणून चघळायची. पुढे ज्याने जे करून ठेवलं त्याला त्याने ते नाव दिलं. काझिमीरच्या आईने चेरी करून ठेवल्या, तुझ्या मालकिणीने बदक करून ठेवलं, आम्ही बदाम करून ठेवले. त्या ग्रीकाला सांग, शब्द त्यांनीच आमच्याकडून नेला. मात्र बदामांसकट नेला, म्हणून त्याला माफ.

कागदाची गोष्ट गमतीची आहे. कार्निव्हलला उनाड लोक गच्च्यांवरून साखरेचे धने खाली फेकायचे. साखर परवडेना म्हणून चुन्याच्या गोळ्या आल्या, त्या लोकांच्या डोळ्यांत जायला लागल्या. मग मिलानकडे कुणाला तरी सुचलं. रेशमाच्या किड्यांखाली भोकं पाडलेला कागद अंथरतात, त्या भोकांतून निघालेल्या टिकल्या फुकट पडून असायच्या. त्याच उधळल्या. म्हणून आपण त्या कागदाला अजून "धने"च म्हणतो. फ्रेंचांनी कागद नेला आणि त्याला नाव चिकटवलं आपल्या बदामांचं, आणि तेच सगळ्या जगाला शिकवलं. बदाम मात्र विसरले.

आणि तिला हेही सांग की आमचे कोन्फेत्ती तोंड न उघडता बोलतात. हिरवे दिसले की साखरपुडा. पांढरे लग्नाचे, तांबडे पदवीचे, गुलाबी नि निळे बारशाचे, पन्नास वर्षांच्या संसाराला सोनेरी. आणि दुसरेपणाच्या लग्नाला पिवळे. पिवळ्यांची ऑर्डर वर्षातून दोन-तीनदाच येते. ती आम्ही गुपचूप करतो, तरी संध्याकाळपर्यंत गावभर झालेली असते. एखाद्या विधुराने पिवळे मागवले की कारखान्यातल्या पोरी दिवसभर नवरीचं नाव ओळखण्याच्या पैजा लावतात.

माझं म्हणशील तर मी अजून फुलंच करते. तार, रंगीत कागद नि बदाम घेऊन बसायचं, की सकाळची संध्याकाळ होते. आपल्याकडे "लग्न कधी?" असं कुणी विचारत नाही, "कोन्फेत्ती कधी?" असंच विचारतात. मला चाळिशीपर्यंत विचारलं, आता गुडघे कसे आहेत ते विचारतात. मागणी आली नाही असं नाही, दोनदा आली. दोघेही आळशी होते.

आणि एक. तू गेंटला गेलास तर मला वाईट वाटेल. हे एकदाच लिहितेय, पुन्हा लिहिणार नाही. ट्राम इथेही आणता आली असती, पण रस्ता अरुंद पडतो.

तुझी,
एर्सिलिया


शार्लरुआ
१९ फेब्रुवारी १९९०

प्रिय एर्सिलिया,

तुझं पत्र मी कॅफेत मोठ्याने वाचलं. म्हणजे शब्दाचा भाग वाचला, बाकीचा घडी घालून खिशात ठेवला. थानासिस रुसला. काझिमीर दुसऱ्या दिवशी चेरीचा मुरंबाच घेऊन आला, पुरावा म्हणून. मालकिणीने बदकाची तंगडी ठेवली, स्पॅनिश गोळ्या आल्या, आणि मी गेल्या ऑगस्टचे उरलेले तुझे बदाम मांडले. एका टेबलावर सगळं "करून ठेवलेलं" जमलं. शेवटी बदकावर मुरंबा घालून खाल्ला आणि ते काही वाईट लागलं नाही.

गोडलिव्हलाही तुझी सगळी हकिकत सांगितली. ती वही-पेन्सिल घेऊन बसली होती. रेशमाच्या किड्यांवर तीन प्रश्न विचारले, मग म्हणाली, "ही बाई शिक्षिका व्हायला हवी होती." तिच्या तोंडून ही मोठीच पदवी समज. आता तिनेच सगळ्या पाहुण्यांना कळवलंय की कोन्फेत्ती येणार आहेत आणि ते गिळण्याआधी चावावेत. फार करते ती माझं. दर रविवारी जेवायला बोलावते, सूप वाढते, माझ्या कोटाचं बटण सैल झालेलं तिलाच दिसलं.

आता दुसरी ऑर्डर लिहून घे. पांढऱ्यांखेरीज मला तीन किलो पिवळे हवेत.

तुझ्या पत्रातला रंगांचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला, आणि एके सकाळी ठरवून टाकलं. साठीला आलो. एकट्याने जेवायचा कंटाळा आला, भांडी घासताना रेडिओशी बोलायचाही आला. सप्टेंबर बरा पडेल, ऊन उतरलेलं असतं. कुणासाठी ते तुझ्यासारखीला सांगायची गरज नाही. बोलण्यात मी पहिल्यापासून कच्चा, तू ओळखतेसच. तुला पसंत असेल तर तसं लिही. नसेल तर तसंही लिही, मी वाईट वाटून घेणार नाही.

गोडलिव्हला हे सांगितलं. ती म्हणाली, "उशीरच केलात, पण बेत उत्तम आहे."

वाट पाहतो.

तुझा,
पानफिलो


सुल्मोना
५ मार्च १९९०

सन्माननीय श्री. पानफिलो यांस,

आपली दिनांक १९ फेब्रुवारीची ऑर्डर मिळाली. पांढरे पंचवीस किलो, पिवळे तीन किलो. दोन्ही वेळेवर होतील.

पिवळ्यांच्या बाबतीत आपण माझी पसंती विचारली आहे. ऑर्डरीला माझी पसंती लागत नाही. आपला बेत ठरलेला दिसतो आणि त्याला योग्य माणसांची संमतीही मिळालेली दिसते. अभिनंदन.

कारखान्यात पोरींनी पैजा लावल्या होत्या. मी त्यांना गप्प बसवलं आहे, आपण निश्चिंत असावं.

आपण गेंटला सुखाने राहावं अशी मनापासून इच्छा आहे. ट्राम दारात थांबते, ही सोय या वयात मोठीच म्हणायची.

माझे गुडघे बरे आहेत. यापुढे ऑर्डरीबद्दल काही विचारायचं असल्यास कारखान्याच्या ऑफिसला लिहावं. मला फुलांचं काम फार आहे.

आपली,
एर्सिलिया


शार्लरुआ
१७ मार्च १९९०

एर्सिलिया,

तुझं "आपण" वाचलं आणि सगळं कळलं. आपण दोघं एका गल्लीत वाढलो, एका कढईपाशी काम शिकलो, तू मला "गाढवा" म्हणायचीस. तीच तू "सन्माननीय" म्हणतेस आणि गेंटला सुखाने राहा म्हणतेस, तर त्याचा अर्थ न कळायला मी दगड नाही.

वाईट वाटून घेणार नाही असं लिहिलं होतं. ते काही जमलं नाही.

पिवळ्यांची ऑर्डर रद्द कर. पांढरे ठरल्याप्रमाणे पाठव, लेकीचं लग्न आहे. ते उरकलं की मी गेंटच्या मागच्या खोलीत जाईन. ओडीलला बरं वाटेल.

माझ्या बोलण्याचा त्रास झाला असेल तर विसरून जा.

पानफिलो


शार्लरुआ
३ एप्रिल १९९०

प्रिय एर्सिलियामावशी,

मी ओडील, पानफिलोंची मुलगी. माझं इटालियन बाबांकडून ऐकून ऐकून झालेलं आहे, म्हणून त्यात खाणीतले शब्द आले तर रागावू नका. हे पत्र बाबांना न सांगता लिहितेय. कळलं तर माझ्याच लग्नात मला ओरडा बसेल.

सरळ विचारते. तुम्ही बाबांना नाही म्हणालात का?

म्हणाला असाल तर तो तुमचा हक्क आहे, मी एक शब्द बोलणार नाही. पण मला ते पटत नाहीये, कारण मी तुमची पत्रं वाचली. हो, वाचली. बाबा ती साखरेच्या डब्यामागे ठेवतात आणि साखर रोज लागते. जानेवारीत तुम्ही लिहिलंत की ते गेंटला गेले तर तुम्हाला वाईट वाटेल. आणि मार्चमध्ये त्यांना नगरपालिकेकडून आल्यासारखं पत्र. मधल्या काळात झालं काय?

मग बाबांनी तुम्हाला काय लिहिलं होतं ते त्यांच्याकडून वदवून घेतलं. नखं उपटावीत तसं एकेक वाक्य बाहेर काढलं. आणि मी कपाळाला हात लावला. मावशी, त्यांनी कुणाचं नावच लिहिलेलं नाही. तीन किलो पिवळे हवेत, "कुणासाठी ते सांगायची गरज नाही," आणि वर माझ्या होणाऱ्या सासूचं कौतुक. मी म्हटलं, "बाबा, ह्याला मागणी घालणं म्हणतात?" तर म्हणाले, "रंग सांगितला ना. सुल्मोनाच्या माणसाला त्याहून जास्त सांगावं लागत नाही."

पिवळे तुमच्यासाठी होते. तुमच्या नि त्यांच्या लग्नासाठी. विधुराला पिवळेच शोभतात, उगाच पांढरे मागवून दिखावा नको, असा त्यांनी आठवडाभर विचार केला होता. सप्टेंबरात सुल्मोनाला यायचं, तिथेच राहायचं, असा बेत होता. ऑगस्टमध्ये तुमच्याकडून परत आल्यापासून हा माणूस जिन्यात शीळ घालायचा. आता घालत नाही.

गोडलिव्हबाईंबद्दल तुमच्या मनात काही आलं असेल तर तेही काढून टाका. त्या बाबांशी लग्न करणार नाहीत, कारण त्यांच्या मते बाबा सूप पिताना आवाज करतात आणि ती सवय ह्या वयात सुटत नाही. "उशीरच केलात, पण बेत उत्तम आहे" असं त्या तुमच्याबद्दल म्हणाल्या होत्या. रेशमाच्या किड्यांची हकिकत ऐकल्यापासून त्या तुमच्यावर खूश आहेत. मागची खोलीसुद्धा त्यांना शिवणयंत्रासाठी हवी आहे, पण भिडेने बोलत नाहीत.

एवढंच. तुमचं उत्तर काहीही असलं तरी माझ्या लग्नाला या. बाबांना मी म्हटलं होतं, मावशींना बोलवा. ते म्हणाले, "बोलावलं तर वाटेल मी मागे लागलोय." मागेच लागायला हवं होतं ना, मावशी?

तुमची,
ओडील


सुल्मोना
१७ एप्रिल १९९०

गाढवा,

अडतीस वर्षांत हा शब्द एकदाही इतक्या मनापासून लिहिला नव्हता.

कोण माणूस किलोच्या भावात मागणी घालतो? तीन किलो पिवळे, आणि ओळख आता कुणासाठी ते. वर पानभर गोडलिव्हचं सूप आणि गोडलिव्हने पाहिलेलं बटण. मी काय समजायचं होतं? पोरींनी पैजा लावल्या, त्यांत माझंही नाव होतं. मी ते सगळ्यांसमोर खोडलं, तिथे "हेडमास्तरीण" लिहिलं आणि घरी येऊन दार लावून रडले. हे तुला कळलंच पाहिजे, म्हणून सांगते.

आणि चूक माझीही तेवढीच आहे. रंग वाचायचा माझा इतक्या वर्षांचा धंदा. ऑर्डर पाहिली की लोकांच्या घरात काय चाललंय ते मी सांगते, कधी चुकले नाही. म्हणून तुला विचारावं असं डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावची बाई असती तर तिने सरळ विचारलं असतं, "पिवळे कशाला रे?"

तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, हेडमास्तरणीने तुला नकार दिला. देव मला क्षमा करो, मी चौकात जाऊन आइस्क्रीम खाल्लं. मोठं घेतलं.

ओडीलचं पत्र ईस्टरच्या आधी आलं. कुणाला बोलले नाही. रविवारी सकाळी चौकात उभी होते. ईस्टरच्या मिरवणुकीत देवमातेची मूर्ती संथ पावलांनी आली, कबरीतून उठलेला मुलगा समोर दिसला, अंगावरचं काळं वस्त्र गळून पडलं आणि ती धावली. मूर्ती घेऊन पळणारे खांदेकरी यंदा जराही अडखळले नाहीत, म्हणजे शकुन चांगला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "वर्ष चांगलं जाणार." मी म्हटलं, "माझ्यावर आहे ते."

तर ऐक. माझं उत्तर हो आहे.

तू सुल्मोनाला ये आणि राहा. गेंटला वर्षातून एकदा जाऊ, नातवंडं झाली की दोनदा. सूप पिताना आवाज केलास तर मला चालेल, माझे वडीलही करायचे. पण इथून पुढे मनात काही आलं तर तोंड उघडून सांगायचं. बदामांना बोलायला लावायचं नाही, मलाही आता त्यांचा भरवसा राहिलेला नाही.

ओडीलच्या लग्नाला मी येतेय. पांढऱ्यांची खोकी स्वतः घेऊन येते, टपालावर सोडत नाही. मिलानच्या पुढे मी कधी गेलेले नाही, तेव्हा स्टेशनवर वेळेआधी येऊन उभा राहा. गोडलिव्हसाठी मी बदामांचं गुलाबाचं फूल केलंय, मोठं. इतके दिवस मनातल्या मनात तिला जे जे बोलले त्याची ही भरपाई आहे, पण तिला त्यातलं काही सांगू नकोस.

राहता राहिला रंग. ह्यावर कारखान्यात दोन दिवस वाद चालू आहे, सगळं काम थंडावलंय. पोरी म्हणतात, नवरा विधुर म्हणजे पिवळेच. मी म्हणते, नवऱ्याचं दुसरं असेल, माझं पहिलं आहे. सत्तावन्नाव्या वर्षी झालं म्हणून ते दुसरं होत नाही. आयुष्यभर मी गावच्या लेकींसाठी पांढरी फुलं केली, आता माझ्या लग्नात पांढरे नकोत असं मला कोण सांगतं ते बघतेच. फुलं मात्र पोरी करतील. नवरीने स्वतःच्या लग्नाचं काम करायचं नाही, हा नियम मी आजच केलाय.

तुझे पिवळे मी रद्द केलेले नाहीत. प्रत्येक पुडीत चार पांढरे घालणार आहे आणि एक पिवळा. पोरींनी विचारलं, तो एक कशाला? मी सांगितलं, तो सिमोनचा. तिने तुला चोवीस वर्षं सांभाळलं, माणसात आणलं, म्हणून मला इतका चांगला मिळालास. तिला बाहेर ठेवून मी चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही.

तुझी,
एर्सिलिया